‘दोन वर्षांसाठी’ जर्मनीला निघताना: मुलांसह जाणाऱ्या पालकांसाठी

चाकणच्या मोटार कारखान्यातून स्टुटगार्टला किंवा हिंजवडीच्या आयटी कंपनीतून म्युनिकला निघालेले मराठी कुटुंब नातेवाइकांना बहुतेक वेळा एकच वाक्य सांगते: दोन वर्षांसाठी चाललोय. नोकरी करणाऱ्यापुरते ते खरेही असेल. तीन वर्षांच्या मुलासाठी मात्र ती वाक्ये जोडायला शिकण्याची वर्षे असतात, आणि आठ वर्षांच्या मुलीसाठी तिसरी-चौथीची. पुढे व्हिसा वाढतो, करार वाढतो, दोनाची पाच वर्षे होतात. मुलांबाबतचे निर्णय मात्र तसेच लोंबकळत राहतात. जर्मन नीट शिकवायची का, मराठी वाचायला बसवायचे का, परत जायचे तर कोणत्या इयत्तेत? या चालढकलीची किंमत पालकांपेक्षा मुले जास्त मोजतात.

महाराष्ट्र आणि जर्मनी यांचे नाते तसे जुने आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यामुळे इंजिनिअरांच्या जोडीला परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशी नवी कुटुंबेही तिकडचा विचार करू लागली आहेत. या सगळ्यांसाठी एक धोरण उपयोगी पडते: तिथे राहायचे ते कायमचे राहणार असल्यासारखे, आणि कागदपत्रे व मराठी सांभाळायची ती पुढच्या वर्षी परतणार असल्यासारखी.

मुलाचे वय आधी पाहावे

निघण्याआधी घरात पगार, भाडे आणि कर यांची चर्चा रात्र रात्र चालते. मुलाच्या वयाची चर्चा मात्र पाच मिनिटांत संपते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते.

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. राज्ये सोळा आणि नियमही त्यानुसार वेगवेगळे, पण ढाचा साधारण सारखा. सहाव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे आणि शाळेऐवजी घरी शिकवण्याची परवानगी जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे ‘पुण्यातल्या शाळेचे ऑनलाइन वर्ग चालू ठेवू, दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे’ हा मार्ग कायद्यानेच बंद आहे. प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, फक्त बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर मुले वेगवेगळ्या शाळांत जातात. विद्यापीठाचा सरळ रस्ता गिम्नाझियममधून आणि शेवटच्या आबिटूर परीक्षेतून जातो. रेआलशूले आणि त्याखालच्या शाळांतून व्यावसायिक शिक्षणाकडे वाट जाते. अनेक राज्यांत सगळ्यांना एकत्र ठेवणारी गेझाम्टशूलेही आहे.

म्युनिक ज्या बायर्न राज्यात येते तिथे हा टप्पा विशेष कडक आहे. सरकारी गिम्नाझियममध्ये थेट जायचे तर चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली लागते. तिथे १ हा सर्वोत्तम शेरा आणि ६ सर्वांत वाईट. पहिल्या प्रगतिपुस्तकावर १ पाहून घाबरलेले आणि ५ पाहून खूश झालेले आजी-आजोबा पुण्यात सापडले तर नवल नाही, तेव्हा त्यांनाही हे आधीच सांगून ठेवावे.

तीन विषयांपैकी एक जर्मन, आणि दुसरा संपूर्ण जर्मनमधून. म्हणजे गणितात कितीही हुशार असलेली मुलगी तिसरीच्या मध्यावर जर्मनचा एक शब्द न शिकता तिथे पोचली, तर वर्ष-दीड वर्षात तिच्याकडून फार मोठी उडी अपेक्षिली जाते. उशिरा आलेल्या, जर्मन मातृभाषा नसलेल्या मुलांसाठी सवलती आहेत, पण त्या शाळेत जाऊन विचारल्याशिवाय कळत नाहीत. रेआलशूलेत गेलेल्या मुलाला पुढे आबिटूरची दारे उघडी असतात हेही लक्षात ठेवावे. चौथीचा निकाल म्हणजे आयुष्याचा निकाल असे मुलासमोर कधी बोलू नये.

एकंदरीत पाहता मूल सहा वर्षांच्या आत असेल तर जाणे सर्वांत सोपे. पहिली-दुसरीतले मूलही लवकर रुळते. तिसरी-चौथीतल्या मुलासाठी निघण्याच्या किमान सहा महिने आधी जर्मनची शिकवणी सुरू करावी आणि कंपनीकडे शाळेच्या नव्या वर्षाच्या आधीची, म्हणजे उन्हाळी सुटीतली तारीख मागावी. राज्याराज्यांत हे वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगवेगळ्या दिवशी सुरू होते. मूल तेरा ते पंधरा वर्षांचे असेल तर कुटुंबाने फार गांभीर्याने विचार करावा. त्या वयात तिथली नवी भाषा आणि इथली दहावी अशी दोन्ही ओझी एकाच मुलाच्या डोक्यावर येतात. अशा वेळी इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा हा मार्ग उरतो, पण मोठ्या शहरांत तिची वर्षाची फी वीस हजार युरोंच्या घरात जाते. कंपनी ती भरणार आहे का, किती वर्षे भरणार आहे, आणि करार संपल्यावर काय, हे लेखी घेतल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मराठी नावे आणि जर्मन कार्यालये

जर्मनीत घर घेतले की दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि किटा म्हणजे पाळणाघर-बालवाडी असो वा शाळा, विमा असो वा बँक, पुढचे सगळे त्या कागदावर अवलंबून असते. तिथे मराठी कुटुंबाची पहिली अडचण होते ती नावाची.

आपल्याकडे पासपोर्टावर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात असते आणि आडनाव दुसऱ्यात. जर्मन कारकून पहिला रकाना पूर्ण उतरवून घेतो. मग बालवाडीतल्या खुंटीवर, विम्याच्या कार्डावर, वाचनालयाच्या ओळखपत्रावर मुलीच्या नावाला वडिलांचे नाव चिकटते आणि वर्गात तिला त्या जोडनावानेच हाक मारली जाते. हे खपून जाते. आईच्या नावाचे मात्र खपत नाही. विवाह प्रमाणपत्रावर तिचे माहेरचे नाव, पासपोर्टावर सासरचे, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर कधी नुसते पाळण्यातले नाव तर कधी लग्नात बदललेले. तीन कागदांवर तीन स्त्रिया आहेत असे वाटले तर कारकुनाचा दोष नाही. म्हणून निघण्याआधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन मुलाच्या दाखल्यात नाव लावलेले आहे ना, आई-वडिलांची नावे पासपोर्टाप्रमाणेच आहेत ना, हे तपासावे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या भारतीय पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता फक्त जन्मदाखलाच चालतो, तेव्हा हा कागद आयुष्यभर लागणार आहे.

दुसरी गोष्ट शिक्क्यांची. भारत २००५ मध्ये कागदपत्रांना परदेशात मान्यता देणाऱ्या अपोस्टिल करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवली आहे. त्यामुळे इतर देशांत चालणारा अपोस्टिलचा शिक्का जर्मन कार्यालयाला बांधील नसतो. शंका आली तर ते कार्यालय भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी मागते आणि तिला महिने लागतात. म्हणून मूळ दाखल्यांच्या दोन-तीन ताज्या प्रती बरोबर असाव्यात आणि भाषांतर जर्मनीत मान्य असलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे.

लसीकरणाची वही विसरू नये. १ मार्च २०२० पासून जर्मनीत गोवराची लस घेतल्याचा पुरावा दिल्याशिवाय मुलाला किटात प्रवेश मिळत नाही आणि शाळेलाही तो दाखवावा लागतो. भारतात पहिला डोस नवव्या महिन्यात दिला जातो. तो धरायचा की पुन्हा द्यायचा हे तिथले बालरोगतज्ज्ञ ठरवतात, म्हणून तारखा स्वच्छ अक्षरात हव्यात. इथल्या डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरातली वही असेल तर निघण्याआधी एका कागदावर सगळे डोस टाइप करून त्यावर त्यांची सही आणि शिक्का घ्यावा.

बालवाडीचे पहिले आठवडे

जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघर-बालवाडीत जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत जागांची टंचाई आहे आणि प्रतीक्षायादी लांब असते. पत्ता पक्का झाल्याबरोबर एकाच वेळी अनेक किटांकडे अर्ज करावेत आणि अधूनमधून फोन करत राहावे. शुल्क राज्यागणिक बदलते; बर्लिनमध्ये २०१८ पासून ते माफ आहे.

जागा मिळाली की मराठी पालक चकित होतात ते तिथल्या सरावाच्या पद्धतीने. आपल्याकडे पहिल्या दिवशी रडणारे मूल बाईंच्या हातात देऊन पालकांनी पटकन निघून जायचे असते. तिथे अनेक किटांत ‘बर्लिन पद्धत’ वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर वर्गातच बसतात. गुडघे हनुवटीला लागतील अशा छोट्या खुर्चीवर, कोपऱ्यात, फोन बाजूला ठेवून. मुलाला खेळायला ढकलायचे नाही, ते परत मांडीत आले तर घ्यायचे. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन खोलीबाहेर जातात, फार तर अर्ध्या तासासाठी. चौथा दिवस सोमवार असेल तर हा प्रयोग मंगळवारी होतो, कारण शनिवार-रविवार घरी राहिलेल्या मुलाला सोमवारी वेगळे करू नये असे ही पद्धत मानते. मूल शिक्षिकेकडून शांत झाले तर वेळ हळूहळू वाढते, नाही तर पुन्हा मागे. दोन ते चार आठवडे यात जातात.

नव्या नोकरीत रुजू झालेल्या बाबांना हे परवडत नाही, आणि सगळा भार आईवर येतो. तरी दोघांनी मिळून ही रजा आधीच मागून ठेवावी आणि घाई करू नये. ज्या मुलाला शिक्षिकेची भाषाच कळत नाही त्याच्यासाठी हे आठवडे इतर मुलांपेक्षा जास्त मोलाचे आहेत. शिक्षिकेला देण्यासाठी एका कागदावर मुलाचे दहा-पंधरा मराठी शब्द उच्चारासह लिहून द्यावेत: पाणी, शी, सू, आई, दुखतंय, नको, झोप. कित्येक शिक्षिका हा कागद आनंदाने भिंतीवर लावतात.

पाऊस असो की बर्फ, मुलांना बाहेर नेले जाते. पावसाळी विजार, गमबूट, घरात घालायच्या चपला आणि कपड्यांचा जादा जोड यांवर नाव घालून द्यावे. डब्यात गोड पदार्थ बहुतेक किटांना चालत नाहीत. भाजी घालून केलेली पोळीची गुंडाळी, काकडी, गाजर, सफरचंदाच्या फोडी उत्तम. दुपारच्या जेवणात डुकराचे किंवा गाईचे मांस नको असेल, किंवा मूल पूर्ण शाकाहारी असेल, तर पहिल्याच दिवशी लेखी कळवावे. तिथे हे विचारणे अजिबात गैर मानत नाहीत.

घरात मराठीच

अनेक पालक मुलाला जर्मन लवकर यावी म्हणून घरात इंग्रजी किंवा मोडकी जर्मन सुरू करतात. हा निर्णय सर्वांत नुकसानकारक आहे. जर्मन शिकवायला किटा, शाळा, मैदान आणि शेजार आहेत. मराठी शिकवायला जर्मनीत आई-बाबांशिवाय दुसरे कोणी नाही. शिवाय आई-बाबांच्या चुकीच्या जर्मनमधून मुलाला ना चांगली जर्मन मिळते ना मनमोकळे बोलणे. जर्मनीतले बालरोगतज्ज्ञ आणि शिक्षकही पालकांना हेच सांगतात की जी भाषा तुम्हाला सर्वांत चांगली येते तीच मुलाशी बोला.

बेल्जियममधल्या भाषाअभ्यासक आनिक दे हाउवर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. फ्लांडर्समधल्या १,८९९ कुटुंबांची त्यांनी पाहणी केली. डचखेरीज दुसरी भाषा घरात बोलली जात असूनही सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांत मुले ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. दोन्ही पालक घरात ती भाषा बोलत होते तिथे मुले ती सर्वाधिक प्रमाणात बोलत होती. एका पालकाने एक भाषा आणि दुसऱ्याने दुसरी, ही लोकप्रिय पद्धत त्यामानाने कमी यशस्वी ठरली. मराठी-मराठी जोडप्याला यातून सरळ फायदा उचलता येतो. दोघांनीही घरात मराठीच बोलावे. मूल जर्मनमध्ये उत्तर देऊ लागले की (आणि साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी ते देतेच) रागावू नये, पण आपण मराठी सोडू नये.

बोलणे टिकले तरी वाचन आपोआप येत नाही. सहा-सात वर्षांचे मूल शाळेत रोमन लिपी वाचायला लागले की त्याच वर्षी देवनागरी सुरू करावी. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तिथे वाचता येतात. योगायोगाने रविवारी सकाळी जर्मन मुले ज्या उंदराच्या कार्यक्रमासाठी टीव्हीसमोर बसतात, तो ‘डी झेंडुंग मिट डेअर माउस’ही १९७१ चाच. रविवारी आधी माउस आणि मग ‘किशोर’ असा क्रम लावला तर दोन्ही भाषांना घरात हक्काची जागा मिळते. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिन, स्टुटगार्ट अशा शहरांत मराठी मंडळे आहेत. गणपतीला आणि दिवाळीला गेल्यावर तिथल्या पालकांकडे मुलांच्या मराठी वर्गाची चौकशी करावी, आणि वर्ग नसेल तर चार घरांनी मिळून तो सुरू करावा. मराठी वाचणारी दुसरी मुले दिसली की ‘मलाच का?’ हा प्रश्न थांबतो.

आजी-आजोबांचा फोन हा मराठीचा दुसरा तास. जर्मनी आणि भारत यांच्यातले अंतर उन्हाळ्यात साडेतीन तासांचे आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे असते. संध्याकाळी मूल मोकळे होते तेव्हा पुण्यात झोपेची वेळ झालेली असते. त्यापेक्षा शनिवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन लावावा. तिकडे आजीचा स्वयंपाक चालू असतो. ‘जेवलास का, शाळा कशी आहे’ यात संभाषण संपू नये म्हणून आजीने गोष्टीचे पुस्तक हातात घेऊन दर वेळी दोन पाने वाचावीत. हे नियमाने करणाऱ्या घरांत मुलांची मराठी फार वेगळी असते.

हात उगारण्याआधी

जर्मनीत नोव्हेंबर २००० पासून मुलांना हिंसामुक्त संगोपनाचा कायदेशीर हक्क आहे. चापट, कान पिळणे, कोंडून ठेवणे, अपमानकारक शिक्षा, हे काहीही चालत नाही. शिक्षक, डॉक्टर, शेजारी कोणीही युगेंडआम्ट म्हणजे बालकल्याण कार्यालयाला कळवू शकते. या कायद्याची भीती बाळगण्यापेक्षा तो मनापासून मानावा. मुलाला मारायचे नाही, हे भारतात राहूनही तितकेच खरे आहे.

तरीही भारतीय पालकांच्या मनात भीती आहे आणि तिला कारणे आहेत. नॉर्वेत स्टाव्हांगर इथे २०११ मध्ये एका बंगाली जोडप्याची दोन मुले बालकल्याण यंत्रणेने काढून घेतली. त्या प्रकरणावर पुढे २०२३ मध्ये हिंदी चित्रपटही आला. बर्लिनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये दुखापत झालेल्या सात महिन्यांच्या एका भारतीय मुलीला रुग्णालयातूनच ताब्यात घेण्यात आले. पालकांवरचा फौजदारी तपास बंद झाल्यानंतरही, २०२३ मध्ये न्यायालयाने ताबा पालकांना दिला नाही, आणि हा विषय भारत सरकारला जर्मन सरकारपुढे वारंवार मांडावा लागला. अशी प्रकरणे विरळा असली तरी त्यातून काही सावधगिरी शिकता येते. मुलाला लागले, पडले, तर लगेच डॉक्टरकडे जावे आणि कसे लागले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. रुग्णालयात भाषा येत नसेल तर दुभाष्या मागावा. न कळलेल्या कागदावर सही करू नये. युगेंडआम्टचे पत्र आले तर दुर्लक्ष करू नये, वकिलाला दाखवून उत्तर द्यावे आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवावे. हेच कार्यालय पालकांना समुपदेशन, किटाची जागा आणि अडचणीत मदतही देते, हेही माहीत असावे.

पैसे, विमा आणि बाळंतपण

किंडरगेल्ड हा बालभत्ता ब्लू कार्डधारकांनाही, म्हणजे उच्चशिक्षितांच्या निवास परवान्यावर आलेल्यांनाही, मिळतो. २०२५ मध्ये तो मुलामागे महिना २५५ युरो होता. मागचे फक्त सहा महिने धरले जातात, तेव्हा अर्ज लांबवू नये. बाळ झाल्यावर मिळणाऱ्या एल्टर्नगेल्डला तर मागचे तीनच महिने मिळतात. विम्याबाबत एक इशारा: एकटा तरुण इंजिनिअर स्वस्त पडतो म्हणून खासगी आरोग्य विमा घेतो. सार्वजनिक विम्यात मात्र कमाई नसलेली जोडीदार आणि मुले कोणत्याही जादा हप्त्याशिवाय समाविष्ट होतात. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. सार्वजनिकात परतणे पुढे अवघड होते. ज्याला कुटुंब आणायचे आहे त्याने हा निर्णय पहिल्याच महिन्यात विचारपूर्वक घ्यावा. सार्वजनिक विमा असलेल्या पालकाला बारा वर्षांखालच्या आजारी मुलासाठी २०२४ पासून वर्षाला मुलामागे पंधरा दिवसांची भरपाईसह रजाही मिळते.

बाळंतपण तिथेच होणार असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हेबामे म्हणजे सुईण ठरवावी. प्रसूतीनंतर ती घरी येऊन आई-बाळ तपासते आणि खर्च सार्वजनिक विमा देतो. मोठ्या शहरांत शेवटच्या महिन्यात शोधली तर ती सापडत नाही. आजी मदतीला येणार असेल तर शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. रक्तदाब-मधुमेहासारखे आधीचे आजार या विम्यात बहुधा धरले जात नाहीत, म्हणून औषधे पूर्ण मुदतीची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणावीत. बॅगेत डिंकाचे लाडू भरायचे असतील तर एक गोष्ट आधी पाहावी: युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी विमानतळावर काढून घेतात. अळीव, सुंठ, मेतकूट बिनधास्त आणावे, लाडू तिथल्या लोण्याचे तूप कढवून करावेत.

बाळ जन्मले की दोन नोंदी होतात, आणि दुसरी अनेकांकडून राहते. पहिली जर्मन नोंदणी कार्यालयात. दुसरी भारतीय वाणिज्य दूतावासात, जन्मापासून एका वर्षाच्या आत. नागरिकत्व कायद्यानुसार ही नोंद झाली तरच परदेशात जन्मलेले मूल भारतीय नागरिक होते, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. आई-वडिलांपैकी एकाचे जर्मनीतले कायदेशीर वास्तव्य पाच वर्षांचे आणि निवास कायमस्वरूपी असेल, तर मूल जन्मतःच जर्मन नागरिक होते. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले असले तरी भारत ते मानत नाही. अशा मुलांसाठी बहुतेक कुटुंबे जर्मन पासपोर्ट आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचे ओसीआय कार्ड घेतात. ओसीआयधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर कार्ड मिळालेल्यांना वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशासाठी अनिवासी भारतीयांच्या जागांवरच स्पर्धा करावी लागते. हे सगळे समजून मगच सही करावी.

घरी राहिलेली आई

पुण्यात नोकरी करणारी, चांगली शिकलेली स्त्री नवऱ्याच्या बदलीमुळे तिथे घरी बसते, तेव्हा घरातल्या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येताना जर्मनची अट नाही आणि कामालाही पूर्ण मुभा आहे. पण भाषेशिवाय काम मिळणे कठीण. जवळच्या फोल्क्सहोखशूलेत म्हणजे प्रौढशिक्षण केंद्रात भाषेचे वर्ग स्वस्त असतात. मुलाच्या किटाच्या अर्जाबरोबरच आईच्या भाषावर्गाचा अर्ज व्हावा, आणि संध्याकाळचे वर्ग असतील तर त्या वेळी घर बाबांनी सांभाळावे.

परतण्याचे वर्ष

परत यायचे असेल तर तारीख कंपनीच्या सोयीने ठरू देऊ नये. सीबीएसईमध्ये नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे जोडअभ्यासक्रम आहेत, थेट दहावीत प्रवेश सहसा मिळत नाही. त्यामुळे नववीच्या सुरुवातीआधी परतणे सर्वांत सोयीचे. महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षणाच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून झालेली लागतात. आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. जर्मनीत असताना देवनागरी न शिकलेले मूल सातवीत पुण्यात आले तर पहिल्याच घटक चाचणीत अडते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला होता. आई-वडिलांच्या नोकरीमुळे परक्या देशात वाढणाऱ्या मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव त्यांच्याच कामातून आले. या विषयावरचे पुढचे एक अभ्यासक डेव्हिड पोलॉक यांनी देश सोडण्याआधी करायच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: भांडणे मिटवणे, ज्यांनी मदत केली त्यांना ते बोलून दाखवणे, माणसांचा आणि जागांचाही नीट निरोप घेणे, आणि पुढच्या ठिकाणाचा मोकळेपणाने विचार करणे. पुण्याहून निघताना हे करावे आणि जर्मनीहून परततानाही. दहा वर्षांच्या मुलाला शेवटच्या आठवड्यात बातमी देणारे पालक त्याच्याकडून निरोपाची संधीच काढून घेतात. त्याला सहा महिने आधी सांगावे, त्याच्या मित्रांचे पत्ते त्याच्या हाताने लिहून घ्यावेत, आणि पुण्यातली शाळा निवडताना दोन पर्याय त्याच्यासमोर ठेवावेत.

व्हिसाची तारीख हातात असलेल्या पालकांनी या आठवड्यात एवढे करावे: जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र आणि दोन्ही पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक नावाचे स्पेलिंग ताडून पाहावे. कुठे अक्षर चुकले असेल तर ते इथे, महापालिकेत, काही दिवसांत दुरुस्त होते. तिथून करायला गेले तर त्यासाठी भारताची फेरी करावी लागते.